रेणू चोवीस हजार, औषधे किती?

सिंधुदुर्गातले देवबाग म्हणजे अरबी समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामध्ये उरलेली वाळूची चिंचोळी पट्टी. इथल्या माणसाचे हातपाय कामातच फाटतात. रापणीचा दोर तळहात सोलतो, शिंगाळ्याचा काटा बोटात मोडतो, कालवे काढताना शिंपल्याची धार लागते, आणि सतत खाऱ्या पाण्यात भिजणारी जखम बुजायला वेळ घेते. अशा जखमेवर घरोघरी जी पूड शिंपडली जाते, ती बहुधा निओस्पोरिनची असते. तिच्यात तीन औषधे आहेत: निओमायसिन, पॉलिमिक्सिन बी आणि बॅसिट्रॅसिन. यातली शेवटची दोन पेप्टाइडे आहेत, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या. त्या माणसाने शोधून काढल्या असल्या तरी बनवल्या जिवाणूंनीच, एकमेकांना मारण्यासाठी. पॉलिमिक्सिन मातीतल्या जिवाणूकडून मिळाले. बॅसिट्रॅसिन बनवणारा जिवाणू १९४३ साली अमेरिकेतल्या एका मुलीच्या पायाच्या जखमेत सापडला. तेव्हा ‘जिवाणूनाशक पेप्टाइड’ हा शब्द कानाला नवा वाटला तरी वस्तू जुनी आहे, आणि ती आपल्या फळीवरच्या डबीत कधीपासून पडून आहे.

हे आधी सांगण्याचे कारण असे, की औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंवर आता कृत्रिम पेप्टाइडांचा उतारा सापडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, आणि त्या वाचून दोन प्रकारची माणसे तयार होतात. एकाला वाटते, प्रश्न सुटला. दुसऱ्याला वाटते, हीही प्रयोगशाळेतली आतषबाजी. मला दोन्ही मते चुकीची वाटतात. पेप्टाइडांमागचे विज्ञान भक्कम आहे आणि त्यात मराठी मुलखातल्या संस्थांचा वाटाही आहे. अडचण विज्ञानाच्या पुढच्या टप्प्यावर आहे. रेणू पुष्कळ आहेत. ते रुग्णापर्यंत नेणाऱ्या मानवी चाचण्या, ते स्वस्तात बनवणारा कारखाना आणि ते कोणाला द्यायचे हे सांगणारी जिल्ह्यातली प्रयोगशाळा या तीन गोष्टी नाहीत. सरकारने पैसा तिथे घालायला हवा, आणि घालताना या औषधांच्या वापरावर पहिल्या दिवसापासून बंधन ठेवायला हवे.

दुखणे किती वाढले आहे ते आधी पाहू. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधरोधक जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. ज्या मृत्यूंमध्ये अशा जिवाणूंचा काही ना काही हात होता, ते धरले तर आकडा ४९ लाख ५० हजारांवर जातो. महाराष्ट्राला याची चाहूल लवकर लागली होती. मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००९ च्या उत्तरार्धात कार्बापेनेम या शेवटच्या फळीतल्या औषधांना दाद न देणारे २४ जिवाणू नमुने तपासले. त्यातल्या २२ मध्ये त्यांना एनडीएम-१ हे विकर सापडले, आणि मार्च २०१० मध्ये त्यांनी ते भारतीय डॉक्टरांच्याच नियतकालिकात छापले. पुढे काही महिन्यांनी परदेशी नियतकालिकात त्याच विकराविषयी लेख आला, तेव्हा आपल्याकडे चर्चा रंगली ती त्याच्या नावातल्या ‘एनडी’त नवी दिल्ली का आली यावर. मुंबईच्या डॉक्टरांनी दिलेला इशारा त्या गदारोळात बाजूलाच राहिला. आज आयसीएमआरच्या देखरेख जाळ्यातल्या मोठ्या रुग्णालयांमध्ये ॲसिनेटोबॅक्टर या जिवाणूच्या दहापैकी जवळपास नऊ नमुन्यांवर कार्बापेनेम चालत नाही. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णाला गाठणारा हा जिवाणू आहे.

हा मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयांचा प्रश्न आहे, खेड्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. खेड्याला त्याचे काय, याचे उत्तर गडचिरोलीत आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि घरच्या घरी उपचार करायला शिकवले. त्या उपचारात दोनच जुनी, स्वस्त औषधे होती: जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडाने द्यायचे कोट्रायमोक्साझोल. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. जगभर नावाजले गेलेले ते काम एका न बोललेल्या गृहीतकावर उभे होते: गावातल्या बाळाच्या अंगातला जिवाणू त्या साध्या औषधांना मरतो. हे गृहीतक ढासळले, तर त्या आरोग्यदूत बाईचे प्रशिक्षण, तिची हिंमत आणि तिची पिशवी यांचा उपयोग किती उरेल? शहरातल्या रुग्णालयाजवळ निदान दुसरे, तिसरे, महागडे औषध असते. दुर्गम गावाकडे पहिलेच औषध असते आणि तेच शेवटचे. औषधरोधाची सर्वांत मोठी किंमत म्हणूनच रुग्णालयापासून दूर राहणारा माणूस मोजतो.

आता पेप्टाइडांकडे येऊ. कर्लीच्या खाजणातल्या कुर्लीला आपल्यासारखी प्रतिपिंडे बनवता येत नाहीत. एकदा झालेला रोग लक्षात ठेवणारी आपल्यासारखी यंत्रणा तिच्याकडे नाही, आणि तरी ती जिवाणूंनी बुजबुजलेल्या चिखलात आयुष्य काढते. तिच्या संरक्षणाचा मोठा भार अशा छोट्या साखळ्यांवर असतो. खाजणात राहणाऱ्या सिला वंशाच्या खेकड्यातून चीनमधल्या शियामेन विद्यापीठाच्या संशोधकांनी असे एक पेप्टाइड वेगळे केले आहे. त्याआधी, १९८१ साली, स्वीडनच्या हान्स बोमान यांनी एका रेशीम पतंगाच्या कोशातून सिक्रोपिन मिळवले, आणि १९८७ साली मायकेल झॅसलॉफ यांनी आफ्रिकी बेडकाच्या कातडीतून मॅगेनिन मिळवले. सह्याद्रीचा बेडूकही यात आहे. ‘हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा’ ही बेडकाची जात २०१५ साली आनंद पाध्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शास्त्रात नोंदवली. त्यांतले बरेच जण पुण्याचे. दोनच वर्षांनी केरळ आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याच जातीच्या बेडकाच्या कातडीतले ‘उरुमिन’ नावाचे पेप्टाइड एन्फ्लुएंझाच्या विषाणूंना मारते, असे दाखवले. उरुमिन विषाणूंसाठी आहे, जिवाणूंसाठी नव्हे, हे खरे. पण ज्या बेडकाची नोंद घेणे हा हौशी लोकांचा उद्योग समजला जातो, त्याच्या पाठीवर काय असू शकते हे त्यातून कळते.

ही पेप्टाइडे मारतात कशी, हेही समजून घेतले पाहिजे, कारण पुढचा सगळा वाद त्यावर आहे. नेहमीची प्रतिजैविके बहुधा जिवाणूच्या एखाद्या विकरावर किंवा प्रथिन बनवणाऱ्या यंत्रणेवर नेम धरतात. त्या एका जागी जनुकात छोटासा बदल झाला की नेम चुकतो. बरीचशी पेप्टाइडे नेम धरतात ते जिवाणूच्या बाहेरच्या पापुद्र्यावर. त्या पापुद्र्यावर ऋण विद्युतभार असतो आणि पेप्टाइडावर धन, त्यामुळे ते तिथे जाऊन चिकटते, आत घुसते आणि पापुद्रा फाटतो. आपल्या पेशीची बाहेरची बाजू जवळपास भाररहित असते आणि तिच्यात कोलेस्टेरॉल असते, म्हणून ती पुष्कळ अंशी वाचते. एखादे विकर बदलण्यापेक्षा सगळा पापुद्राच बदलणे जिवाणूला जड जाते. नैसर्गिक साखळीची अडचण ही, की आपल्या रक्तातली विकरे तिचे तुकडे करतात. इथे ‘कृत्रिम’ या शब्दाला अर्थ येतो. रॉबर्ट ब्रूस मेरीफील्ड यांनी १९६३ साली अमिनो आम्ले घट्ट आधारावर एकेक करून जोडण्याची पद्धत दिली, त्याबद्दल त्यांना १९८४ चे नोबेल मिळाले, आणि तेव्हापासून रसायनशास्त्रज्ञ हवी ती कडी हव्या त्या जागी बसवू शकतात. काही कड्या निसर्गातल्या कड्यांच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या उलट्या घेतात, म्हणजे विकराला त्या कापता येत नाहीत. काही साखळ्यांची टोके जोडून कडे करतात. एकदा अनुक्रम वाचला की पुन्हा बेडूक पकडावा लागत नाही, हाही एक फायदा.

असे अनुक्रम किती आहेत? परळच्या आयसीएमआरच्या प्रजनन आणि बालआरोग्य संशोधन संस्थेत सुसान इडिक्युला-थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कॅम्प’ नावाचा माहितीकोश बांधला. जगात कुठेही नोंदलेले जिवाणूनाशक पेप्टाइड त्यात गोळा होते, आणि दिलेली नवी साखळी जिवाणू मारेल की नाही याचा अंदाज संगणकाला शिकवून बांधता येतो. त्याची पहिली आवृत्ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. आज कृत्रिम बुद्धिमत्तेने औषधे शोधण्याचा जो गाजावाजा चालतो, त्याच्या कितीतरी आधी परळमध्ये हे काम सुरू होते, आणि तो कोश जगातल्या कोणत्याही संशोधकाला फुकट वापरता येतो. चौथ्या आवृत्तीत २४ हजारांहून अधिक साखळ्या आहेत. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत आर. नागराज यांनी अशा पेप्टाइडांवर कित्येक वर्षे काम केले. ज्ञानाच्या बाबतीत आपण मागे आहोत, असे म्हणायला जागाच नाही.

मग औषधे का नाहीत? इथे पेप्टाइडांच्या चाहत्यांनी प्रामाणिक व्हायला हवे. मॅगेनिनमध्ये फेरफार करून बनवलेले पेक्सिगनान हे मधुमेही पायाच्या जखमेवर लावायचे मलम अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ साली नाकारले. दुसऱ्या कंपनीने ते पुन्हा हाती घेतले, आणि २०१६ साली दोन मोठ्या चाचण्यांत ते साध्या मलमापेक्षा सरस ठरले नाही. इसेगनान नावाच्या पेप्टाइडाची व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतली चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त होते. स्यूडोमोनास जिवाणूसाठी बनवलेले मुरेपावॅडिन २०१९ मध्ये शेवटच्या टप्प्यावर अडकले, कारण रुग्णांच्या मूत्रपिंडांना अपेक्षेपेक्षा जास्त इजा होऊ लागली. ही यादी लहान नाही, आणि ‘सरकारने यात पैसा घालावा’ म्हणणाऱ्याने ती लपवू नये.

पण या अपयशांकडे एकाच नजरेने पाहून चालणार नाही. मूत्रपिंडाची इजा हा औषधाचाच दोष. त्यावर रेणू बदलणे हाच उपाय. पेक्सिगनानची गोष्ट वेगळी आहे. ती चाचणी पायाच्या सौम्य संसर्गावर झाली, आणि दोन्ही गटांतल्या रुग्णांची जखम नीट धुतली जात होती, मृत त्वचा काढली जात होती, पायावरचा भार कमी केला जात होता. एवढी निगा राखली तर सौम्य जखम बरीही होते. तिथे मलमाला स्वतःचे कर्तृत्व दाखवायला वाव किती? माझ्या मते तिथे प्रश्नच चुकीच्या रुग्णांना विचारला गेला. ज्या जखमेतला जिवाणू बाकी औषधांना दाद देत नाही, तिथे विचारायला हवा होता. आणि तसे रुग्ण आपल्याकडे आहेत. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत, आणि प्रमाणात पहिला क्रमांक गोव्याचा, २६.४ टक्के. देवबागहून गोव्याची हद्द दूर नाही. खाणेपिणे, हवा, अनवाणी वाळूत वावरण्याची सवय सगळी सारखी. जखमेवरचे औषध रक्तात फारसे उतरत नाही, म्हणून मूत्रपिंडाचा धोकाही कमी. पेप्टाइडांची सुरुवात कुठून करावी, याचे उत्तर मला तरी इथे दिसते. रक्तात द्यायच्या औषधांचेही दार बंद झालेले नाही: रोश कंपनीने सुमारे ४५ हजार कृत्रिम वर्तुळाकार पेप्टाइडे चाळून त्यातल्या एकावरून घडवलेले झोसुराबाल्पिन ॲसिनेटोबॅक्टरला मारते, असे २०२४ च्या जानेवारीत ‘नेचर’मध्ये आले, आणि ते माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचले आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. पेप्टाइडांना जिवाणू सहजी दाद देणे थांबवणार नाहीत, असे झॅसलॉफ यांचे मत होते. ग्रॅहॅम बेल या उत्क्रांतिशास्त्रज्ञांनी ते मानले नाही, आणि दोघांनी मिळून प्रयोग केला. २००६ साली निकाल आला: पेक्सिगनानच्या वाढत्या मात्रेत ६०० ते ७०० पिढ्या वाढवलेले जिवाणू त्याला पचवू लागले. बेल यांची भीती याहून पुढची होती. आपल्या शरीरातही एलएल-३७ सारखी पेप्टाइडे आहेत; औषध म्हणून दिलेल्या पेप्टाइडाला जिवाणू सरावले, तर ते आपल्या अंगच्या संरक्षणालाही सरावतील. शत्रूला आपल्याच शस्त्रागाराची किल्ली देण्यासारखे हे आहे. ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. जिवाणू पापुद्रा सहज बदलणार नाही, हे आश्वासन कोलिस्टिनने खोटे ठरवले आहेच. पॉलिमिक्सिनचे हे भावंड, तेही पेप्टाइडच, मूत्रपिंडाला त्रास देते म्हणून बाजूला पडले होते. बाकी सगळे थकल्यावर डॉक्टरांनी ते पुन्हा काढले. त्याच काळात अनेक देशांत ते कोंबड्यांना आणि डुकरांना वजन वाढावे म्हणून खाद्यातून घातले जात होते. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये चिनी संशोधकांनी एमसीआर-१ हे जनुक जाहीर केले. ते पापुद्र्याचा ऋण भार कमी करते आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे उडी मारू शकते. भारताने जनावरांच्या खाद्यात कोलिस्टिनवर बंदी घातली ती जुलै २०१९ मध्ये.

या इतिहासाचा अर्थ मी असा लावतो: पेप्टाइडांना रोध निर्माण होतो, पण तो सावकाश होतो की झपाट्याने, हे रेणूपेक्षा आपल्या वागणुकीवर जास्त ठरते. पॉलिमिक्सिन १९४० च्या दशकातले. ते जवळपास ७० वर्षे टिकले, आणि त्याला मोठा तडा गेला तो खुराड्यात. म्हणून अट अशी हवी: सरकारी पैशातून पुढे आलेले कोणतेही पेप्टाइड जनावरांच्या, कोंबड्यांच्या किंवा कोळंबीच्या खाद्यात कधीही वापरता येणार नाही, आणि हे परवान्यातच लिहिलेले असेल. आधी वापर, मग बोभाटा, मग बंदी हा क्रम उलटायला हवा. शरीरातल्या पेप्टाइडांशी फार साम्य असलेले रेणू मागे ठेवून कृत्रिम घडणीचे, वेगळ्या जागी नेम धरणारे रेणू पुढे आणणे, हीदेखील बेल यांच्या आक्षेपाला दिलेली वाजवी किंमत होईल.

दुसरा आक्षेप पैशाचा. एकेक कडी जोडून बनवलेली साखळी महाग पडते आणि बुरशीतून मिळणाऱ्या पेनिसिलिनशी तिची किमतीत बरोबरी होत नाही, हे अगदी खरे आहे. पण ५१ अमिनो आम्लांचे इन्सुलिन आज तालुक्याच्या दुकानात मिळते. वजन उतरवणारे सेमाग्लुटाइड हेही ३१ कड्यांचे पेप्टाइडच, आणि त्याच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची असल्यामुळे आपल्या कंपन्यांनी पेप्टाइड बनवण्याची मोठी तयारी केली आहे. पोट कमी करण्यासाठी उभी राहिलेली ही यंत्रसामग्री जखम भरण्यासाठी वापरता येणार नाही, असे कोणी म्हणू नये. खरा पैशाचा प्रश्न उत्पादनाचा नाही, विक्रीचा आहे. चांगले नवे प्रतिजैविक जपून, क्वचित वापरायचे असते, आणि क्वचित वापरले जाणारे औषध कंपनीला बुडवते. अमेरिकेच्या अकायोजेन कंपनीच्या प्लाझोमायसिनला जून २०१८ मध्ये परवानगी मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. औषधाचे बरेचसे हक्क पुढे मुंबईच्या सिप्लाच्या अमेरिकी शाखेने घेतले. आपल्याकडे वोक्हार्टचे नॅफिथ्रोमायसिन हे न्यूमोनियावरचे प्रतिजैविक नोव्हेंबर २०२४ मध्ये समारंभाने जाहीर झाले. त्याला सुमारे १४ वर्षे आणि ५०० कोटी रुपये लागल्याचे सांगण्यात आले. त्यात केंद्राच्या बायरॅक संस्थेचा वाटा मोजक्या कोटींचा. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या रुग्ण जन्मभर घेतो, प्रतिजैविक आठवडाभर. हिशेब करणारी कोणतीही कंपनी कुठे वळेल, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. इंग्लंडने २०२२ पासून दोन प्रतिजैविकांसाठी वर्षाला ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली, किती बाटल्या खपल्या याच्याशी त्या रकमेचा संबंध नाही. अग्निशमन दलाला आपण आगी मोजून पगार देत नाही, त्यातलाच हा प्रकार. भारतात हे जमणार नाही असे म्हणणाऱ्यांना मी पिंपरीची आठवण करून देईन.

पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभा राहिला, आणि पेनिसिलिन देशात बनू लागले. तेव्हाही ‘परदेशातून घेतलेले स्वस्त पडेल’ असे म्हणता आले असते. त्या सरकारी कारखान्याने नुसते उत्पादन केले नाही, संशोधनही केले. एम. जे. थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले, आणि ते बनवणाऱ्या जिवाणूच्या शास्त्रीय नावात आजही पिंपरी आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पुढे हा कारखाना आजारी पडला आणि आता त्याच्याविषयी बातम्या येतात त्या प्रामुख्याने जमिनीच्या. सरकारी उद्योग कार्यक्षम असतात असा माझा दावा नाही. पिंपरीचा इतिहास तसा दावा करू देणारही नाही. पण ज्या वस्तूचा खप कमी ठेवणे हेच सार्वजनिक हिताचे आहे, ती बनवण्यासाठी नफ्यावर न चालणारा एखादा कारखाना लागतो. परळचा माहितीकोश, पिंपरीचा कारखाना आणि मुंबईच्या औषध कंपन्यांचे कौशल्य ही सगळी एका राज्यात, एका दिवसाच्या प्रवासात आहेत. ती एकत्र आणायला कोणी बसलेले दिसत नाही.

उरले दोन आक्षेप, त्यांना थोडक्यात उत्तर देतो. नवी औषधे कशाला, हात धुवा, स्वच्छ पाणी द्या, लसी द्या, असे सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक सांगतात. त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे, आणि त्याने आज अतिदक्षता विभागात असलेल्या रुग्णाचे काहीच भले होत नाही. दोन्ही लागतील. दुसरा आक्षेप असा, की इथे चाचण्या घ्या म्हणणे म्हणजे गरिबांवर प्रयोग करा म्हणणे. भारतात चाचण्यांतून झालेल्या गैरप्रकारांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१९ साली नवे नियम आले, तेव्हा ही भीती निराधार नाही. पण ज्यांच्या अंगात रोधक जिवाणू आहेत त्यांच्यावर चाचणीच न घेणे हाही अन्यायच. मग औषध बनते ते दुसऱ्यांच्या जिवाणूंसाठी आणि येते ते दुसऱ्यांना परवडणाऱ्या किमतीत. चाचणी सार्वजनिक पैशातून असावी, निकाल चांगला असो वा वाईट जाहीर व्हावा, आणि औषध यशस्वी ठरल्यास चाचणी झालेल्या जिल्ह्यांत ते सरकारी दराने मिळावे, एवढ्या अटींवर मला त्यात गैर दिसत नाही.

या सगळ्याला पाया लागतो तो प्रयोगशाळेचा, आणि इथे पुन्हा देवबागसारख्या गावाचा विचार करावा लागतो. चिघळलेल्या जखमेचा रुग्ण आधी गावात किंवा मालवणात दाखवतो, मग जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसला, आणि पुष्कळदा शेवटी गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात. प्रत्येक पायरीवर अंदाजाने एक अँटिबायोटिक बदलले जाते. जखमेतला पू कल्चरला पाठवला तर जिवाणू कोणता आणि त्याला कोणते औषध मारते हे दोन-तीन दिवसांत कळते. पण रुग्णाची घाई, डॉक्टरची घाई आणि नमुना नेण्याची गैरसोय यांमुळे ते दोन-तीन दिवस कोणालाच नको असतात. विषाणूच्या तापातही हेच. २०१६ नंतर जिल्ह्यातल्या दोडामार्गने माकडताप पाहिला, ज्यावर अँटिबायोटिकचा काडीमात्र उपयोग नाही. औषधविक्रीवर नियंत्रण ठेवणारी एच-१ अनुसूची २०१४ पासून लागू आहे, तरी चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळणे किती सोपे आहे हे वाचकांना मी सांगायला नको. केरळने २०१८ साली राज्याची स्वतंत्र कृती योजना केली, चिठ्ठीशिवाय विक्रीवर छापे घातले आणि कोणत्या जिवाणूवर कोणते औषध चालते याचा राज्यव्यापी तक्ता जाहीर केला. असा तक्ता नसलेल्या जिल्ह्यात उद्या उत्तमातले उत्तम पेप्टाइड आले, तरी ते अंदाजानेच दिले जाईल आणि कोलिस्टिनच्याच वाटेने जाईल.

म्हणून राज्याच्या आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण खात्यांकडे मागणी मोठी नाही. ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाला सूक्ष्मजीवशास्त्र विभाग असावाच लागतो. ग्रामीण रुग्णालये आणि प्राथमिक केंद्रांतून जखमेचे आणि रक्ताचे नमुने रोज त्या विभागात नेणारी एक गाडी ठेवा, अहवाल डॉक्टरच्या फोनवर पाठवा, आणि सिंधुदुर्गाचा जिवाणू-औषध तक्ता दरवर्षी जाहीर करा. बांबोळीच्या महाविद्यालयाशी करार करून तिथे जाणाऱ्या इथल्या रुग्णांचे निकालही त्यात घ्या. मधुमेही पायाच्या जखमांवर पेप्टाइडाची पहिली सार्वजनिक चाचणी घ्यायची झाली, तर लागणारी आधारभूत माहिती यातूनच मिळेल. यासाठी नवा रेणू लागत नाही, नवा कायदा लागत नाही. येत्या अर्थसंकल्पात एक गाडी, चार तंत्रज्ञ आणि नमुन्यांच्या साहित्याची तरतूद झाली तरी काम सुरू होते, आणि जिल्ह्याच्या आमदार-खासदारांनी ती मागितली पाहिजे.